हिरव्यावर पिवळा

एकतीस वर्षं नगररचना विभागात रंग भरतोय मी.
शेतीला हिरवा, वस्तीला पिवळा,
शाळा-दवाखान्याला तांबडा.
ब्रशनं भरायचो तेव्हा
हिरव्यावर पिवळा चढवला की पोपटी व्हायचा.
कागद खिडकीत धरला
की कळायचं, इथं ऊस होता.
आता संगणकावर एक टिचकी.
खाली काहीच उरत नाही.

आज सभेपुढं गट नंबर एकशे बावीस,
फुलेवाडीच्या पुढं, साडेनऊ एकर.
प्राधिकरणाचं पत्र आलंय:
हेक्टरी दोनशे घरं बसवा, नाहीतर निधीचं बघू.
'बसवा' असंच लिहिलंय,
एसटीत जादा माणूस बसवावा तसं.

दौलत मगदूम उठले.
"शेजारी सात मजले झाले तर
आमच्या गच्चीवर पापड वाळणार कुठं?
नळाला आधीच करंगळीएवढी धार!"
बाकं वाजली.
इंद्रायणी आडगुळे बसूनच म्हणाल्या,
"मगदूमसाहेब, तुमच्या कॉलनीच्या जागी
आधी काय होतं हो?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.
तो पोपटी मीच भरलाय,
सत्त्याण्णवच्या श्रावणात.
कागद दमट, रंग वाळता वाळेना.
आणि त्याच पट्ट्यात, कोपऱ्याला,
माझ्याही दोन खोल्या आहेत,
गुंठेवारीतल्या,
दंड भरून नियमित केलेल्या.

वर गॅलरीत रेश्मा बागवान बसलीय.
सीपीआरमध्ये नर्स, रात्रपाळी उरकून थेट आलेली.
तीन वर्षांत चार घरमालक.
सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली,
"ह्या नकाशात मी कुठं आहे, दाखवा की."
मी चष्मा पुसत राहिलो.
गॅलरीतल्यांना बोलायची मुभा नाही.
ती डबा मांडीवर घेऊन ऐकतीय.

मग पाटबंधारेचा तरुण इंजिनिअर, चौगुले, उभा राहिला.
गटाचा खालचा कोपरा निळ्या पूररेषेला टेकतोय म्हणाला.
बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट झालं
की तिथं कमरेएवढं पाणी.
ऊस उभा राहतो त्यात आठवडाभर,
पाणी ओसरलं की चिखल झाडून पुन्हा ऊसच.
कपाटं तशी उभी राहात नाहीत.
"भराव टाकू की!" कुणीतरी मागून.
"टाका. पाणी विरघळत नाही, साहेब. दुसरीकडं जातं."
"दुसरीकडं म्हणजे?"
चौगुलेनं पेन नकाशावरून सरकवलं,
शहराची हद्द संपली तरी सरकवत राहिला,
जिथं आमचा कागद कोरा आहे.
"चिखलीकडं."

सभागृह गप्प झालं. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
चिखलीचा सदस्य ह्या सभागृहात बसत नाही.
रेश्माही बसत नाही.
ऊस तर कुठंच बसत नाही.
मगदूमांनी घड्याळ बघितलं.
आडगुळेबाईंनी पहिल्यांदाच पाणी मागितलं.

तासाभरानं मतं मोजायची वेळ आली
तेव्हा निम्मे चहाला गेले होते.
गणपूर्ती नाही. विषय तहकूब.
"पुढच्या सभेला दोन्ही नकाशे आणा,
हिरवा एक, पिवळा एक," मला सांगितलं.
जिन्यात रेश्मा भेटली.
"म्हणजे कधी?" एवढंच विचारलं तिनं.
मला तारीख माहीत नव्हती.
माझी निवृत्तीची तेवढी माहीत आहे.

संध्याकाळी कपाटातून जुने ब्रश काढले.
एकाचे केस दगडासारखे झालेले,
कोमट पाण्यात धरल्यावर मऊ आले.
एकशे बावीसवर आधी हिरवा दिला,
मग पिवळा, वरच्या अंगाला दाट,
निळ्या रेषेकडं पातळ पातळ करत
शेवटच्या दोन बोटांत नुसतं पाणी.
हद्दीबाहेरच्या कोऱ्या जागेत
पेन्सिलीनं लिहिलं: चिखली.

सूचीत पोपटी नावाचा रंग नाही.
साहेब निघता निघता डोकावले,
"हे काय करायलाय, शिंगाडे?"
म्हटलं, हात लावू नका साहेब,
वाळू दे आधी.